नॅनो कोटिंग केलं की वायपर लागत नाही का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला राऊकडे राहतो. आमच्या माळव्याची काळी माती म्हणजे उन्हाळ्यात धूळ नि पावसाळ्यात चिखल, ट्रकच्या मागे लागलो की काच रंगलीच. महिन्यातून एकदा रात्रीचं पुण्याला जाणं होतं, भेरूघाटात समोरून लाईट आला की काच नुसती पांढरी होते. पलासियाच्या एका डीटेलिंगवाल्याने सांगितलं नॅनो कोटिंग करा, चार हजार, काच आपोआप साफ राहील, वायपरची गरजच नाही. करू का?

उत्तर : दादा, चार हजार सध्या खिशातच असू द्या आणि आधी काच आतून पुसा. हो, आतून! उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं, त्याची वाफ काचेवर जाऊन तेलकट थर बसतो, दिवसा दिसत नाही पण रात्री समोरचा लाईट पडला की तोच पांढरा पसरतो, बाहेरून कितीही कोटिंग केलं तरी तो काही जाणार नाही. काच गार असताना ग्लास क्लीनर नि स्वच्छ मायक्रोफायबर कापड घ्या, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने परत पुसा.

आता नॅनोचं. खरोखर स्वतः साफ होणारी काच आहे, 2001 मध्ये पिल्किंग्टन कंपनीने आणली, पण ती इमारतींच्या खिडक्यांसाठी. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो, जाडी काही नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो तेलकट मळ हळूहळू तोडतो आणि पाणी थेंब न होता पसरून वाहून जातं. पण माती त्याने तुटत नाही, तिला पाऊसच लागतो.

डीटेलिंगवाला लावतो ते वेगळंच, बरोब्बर उलटं, त्यावर पाण्याचे थेंब होतात. कमळाच्या पानावर असतात तसे, फक्त पानावर मेणाचे बारीक बारीक उंचवटे असतात म्हणून थेंब गोळीसारखा घरंगळतो नि धूळ घेऊन जातो. काचेवर तसे उंचवटे केले तर वायपरने घासले जातील आणि प्रकाशही विखुरेल, म्हणून हे कोटिंग गुळगुळीत असतं. हायवेवर वेगात वाऱ्याने थेंब उडतात, तेवढा फायदा खरा आहे, पण राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये ते जागेवरच बसतात आणि रात्री प्रत्येक थेंब चमकतो. शिवाय वायपर फिरून फिरून काही महिन्यांत कोटिंग झिजतंच.

वायपर मात्र काढू नका हां. 2008 मध्ये इटलीच्या फिओराव्हांतीने हिद्रा नावाची बिनवायपरची गाडी दाखवली होती, ती कॉन्सेप्टच राहिली, आणि आपल्याकडे मोटार वाहन नियमांनी वायपर सक्तीचाच आहे. रबर कडक झालं असेल तर आधी ते बदला, आणि कोरड्या धुळीवर वायपर कधीच चालवू नका, आपल्या मातीतली बारीक रेती काचेवर ओरखडे पाडते आणि ते ओरखडे कुठल्याच कोटिंगने भरत नाहीत. आधी वॉशरचं पाणी, मग वायपर. हे सगळं करूनही पावसाळ्यात हायवेला त्रास वाटला तर कोटिंग जरूर करा, फक्त किती महिने टिकेल ते त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.