नुकताच चीनला आलोय. चिनी नववर्षाला सहकाऱ्याच्या गावी जावं की शहरातच थांबावं?

तुम्ही लिहिलंय की सुझोऊच्या कारखान्यात रुजू होऊन काहीच महिने झालेत, आन्हुई प्रांताचा एक सहकारी सुट्टीत गावी चल म्हणतोय, पण तुम्ही शाकाहारी आहात आणि भाषाही जेमतेमच येते. माझं मत विचाराल तर जा. मीही सुझोऊतच नोकरीला होतो आणि अशाच आमंत्रणावरून दक्षिण आन्हुईत, हुआंगशान डोंगराच्या बाजूच्या एका खेड्यात नववर्ष काढलंय.

शहरात थांबलात तर सण दिसणारच नाही. सुझोऊ, शांघाय ही शहरं बाहेरगावच्या माणसांवर चालतात आणि ती सगळी गावी जातात. कोपऱ्यावरची भाजीवाली, न्हावी, कुरिअरवाला, कुणी म्हणजे कुणी नसतं. शटरवर लाल कागद लावलेला, त्यावर दुकान परत उघडायची तारीख. फटाकेही नाहीत, शांघायमध्ये तर 2016 पासून बाहेरच्या रिंगरोडच्या आत बंदीच आहे. शांघायच्या यू उद्यानातले कंदील सुंदर असतात, पण ते लोकांच्या डोक्यांवरून बघावे लागतात. खरा सण घरांत चालतो आणि घरं गावाकडे असतात.

आमंत्रण खरं की तोंडदेखलं, हे ओळखायचं कसं? सहकाऱ्याने तिकिटासाठी पासपोर्ट नंबर मागितला की समजा, खरं आहे. रेल्वेची तिकिटं 15 दिवस आधी खुली होतात आणि गर्दीच्या तारखांची बघता बघता संपतात. परतीचंही त्याच वेळी बघून ठेवा. पासपोर्ट जवळ हवाच. शिवाय हॉटेलऐवजी कुणाच्या घरी राहिलात, तर पोहोचल्यापासून 24 तासांच्या आत तिथल्या पोलीस चौकीत नोंद करावी लागते. सहकाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही. चिनी माणसाला स्वतःच्याच देशात हे कधी करावं लागत नाही. त्याला निघण्याआधीच सांगून ठेवा.

आता थंडीबद्दल. उत्तरेत सरकारी हीटिंग असतं, दक्षिणेत नसतं, आणि आन्हुईचा हा भाग दक्षिणेत मोडतो. घरात अंगावर जाकीट, जेवताना जाकीट, दारं मात्र दिवसभर सताड उघडी. पण तिकडच्या घरांत एक लाकडी पिंप असतं. त्याच्या तळाशी निखाऱ्यांचं भांडं, वर लोखंडी जाळी. जाळीवर पाय ठेवून पिंपाच्या आतल्या फळीवर बसायचं आणि गुडघ्यांवर गोधडी ओढून घ्यायची. कमरेखाली ऊब, नाक मात्र बर्फ. सहकाऱ्याची आजी त्यात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत असायची, आणि पाहुणा म्हणून मला दुसरं पिंप मिळालं होतं. एकदा बसलं की उठवत नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी घरचे डोंगराच्या उतारावरच्या थडग्यांवर जातात, कागदी नोटा जाळतात. घरी टेबल मांडतात तेव्हाही आधी पूर्वजांसाठी वाट्या आणि जेवणाच्या काड्या ठेवतात, थोडं थांबतात, मगच घरचे बसतात. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पितरांचं पान आधी वाढायचं, हे घरी बघतच आपण मोठे होतो.

जेवणात मासा, कोंबडी, सुकवलेलं डुक्कर हे असणारच. तुम्ही काय खाणार हे आठवडाभर आधी कळवा, आणि नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. खेड्यात भाजीही डुकराच्या चरबीत परततात, सूप हाडांचं असतं. 'प्राण्याचं तेल नको, हाडांचं पाणी नको' हे सहकाऱ्याकडून चिनीत लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. गंमत म्हणजे शाकाहारी म्हटलं की त्यांना बौद्ध भिक्खू आठवतात, आणि भिक्खू कांदा-लसूणही खात नाहीत. त्यामुळे तुमच्या ताटातून लसूणही जायचा. चालत असेल तर तसं सांगा. बांबूचे कोंब, हिरव्या पालेभाज्या आणि तिकडचं बुरशी आणलेलं टोफू यांवर माझे दिवस मजेत गेले. त्या टोफूवर पांढरी लव असते, बघून नको वाटतं, पण तव्यावर तळून तिखट चटणीबरोबर फार छान लागतं. आणि आजीचा आधार मिळू शकतो. बौद्ध आचार पाळणारी मोठी माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. नववर्षाचा दिवस म्हणजे पहिलाच. त्या दिवशी टेबलावर आजीची आणि माझी एक वेगळी आघाडी होती.

दारू घेणार नसाल तर पहिल्याच पेल्याला सांगा आणि चहाचा पेला उचला. तिकडची धान्याची दारू, बायच्यू, पन्नास टक्के अल्कोहोलच्या वरची असू शकते, आणि दोन पेल्यांनंतर नाही म्हटलेलं कुणी ऐकत नाही. पेला भिडवताना वडीलधाऱ्यांच्या पेल्यापेक्षा थोडा खाली धरा. एवढ्याने ते खूश होतात.

रात्री आठला टीव्हीवर सरकारी वाहिनीचा गाण्या-नाचाचा मोठा कार्यक्रम लागतो, 1983 पासून दरवर्षी. बघत कुणीच नाही, पण बंद केला तर आरडाओरडा. सगळे वीचॅट या चॅट-ॲपवर एकमेकांची लाल पाकिटं, म्हणजे शुभेच्छा म्हणून पाठवलेले पैसे, झटपट पकडण्यात गुंग. मला एकदा आठ पैशांसारखं काहीतरी मिळालं, त्यावर घर हसलं. बाराला फटाके सुरू झाले की बोलणं ऐकूच येत नाही, अर्थात तुमच्या गावात परवानगी असेल तर.

मुलांसाठी खरी लाल पाकिटं न्या, आत कोऱ्या नोटा. रक्कम सहकाऱ्यालाच विचारा, कारण ती प्रांताप्रांतात बदलते. ग्वांगडोंगमध्ये पाच-दहा युआनवरही भागतं. चारचा आकडा टाळा, तो अशुभ मानतात. मोठ्यांसाठी फळांची किंवा दुधाची पेटी चालते. घड्याळ कधीही नको, तेही अशुभ. पहिल्या दिवशी मदत म्हणून झाडू हातात घेऊ नका, त्या दिवशी केर काढत नाहीत. लग्न का नाही केलंस, पगार किती, हे प्रश्न सगळ्या काकवा विचारणार; त्याची सवय तुम्हाला असेलच.

जाताजाता एक. फोनमध्ये कालनिर्णय असेल तर सहकाऱ्याच्या वडिलांना दाखवा. त्यांचा महिनाही अमावास्येपाशीच संपतो, त्यांच्याकडेही अधिक महिना येतो. 2025 चं नववर्ष 29 जानेवारीला होतं, आपल्याकडे त्या दिवशी पौष अमावास्या. भाषा न येता तासभर गप्पा होतात.

निघताना पिशवीत सुकवलेलं डुक्कर कोंबायचा प्रयत्न होईल. त्याआधीच वाळवलेले बांबूचे कोंब आणि चहा मागून घ्या, म्हणजे कुणाचाच हिरमोड होत नाही. आणि परतीचं तिकीट सहाव्या-सातव्या दिवसाचं काढू नका, अख्खा देश तेव्हाच परततो.