बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला, पुढे काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

निसर्ग वादळाची सूचना वेळेवर मिळाली, आम्ही वाचलो. नारळ-सुपारीची वाडी मात्र भुईसपाट झाली. मग अचूक अंदाजाचा उपयोग काय? (श्रीवर्धन)

जीव वाचले, हाच. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे 10,000 माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन त्याच राज्यावर आदळलं, तेव्हा आधीच लाखो लोक हलवले होते आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

पण पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, काही निवाऱ्यात नेता येत नाही. ती लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे 3 जून 2020 च्या त्या एका दुपारी पुढची कितीतरी उत्पन्नं गेली. त्यात सरकारी मदत सुरुवातीला हेक्टरी ठरली, 50,000 रुपये. कोकणात वाड्या गुंठ्यांत. हिशेब केला तर गुंठ्याला जेमतेम 500! ओरड झाल्यावर झाडामागे मदत आली : नारळाला 250, सुपारीला 50 रुपये. झाडं मोजायची हे तत्त्व बरोबरच. पण 50 रुपयांत आडवी पडलेली पोफळ तोडून बाहेर काढायची मजुरीही सुटत नाही.

बावटा लागतो, आम्ही होड्या परत आणतो आणि वादळ भलतीकडेच जातं. डिझेल, बर्फ सगळं वाया. दर वेळी ऐकायचं का? (रत्नागिरी)

ऐकायचं. वादळाच्या वाटेचा चोवीस तास आधीचा अंदाज आजही सरासरी 70-80 किलोमीटरने इकडे-तिकडे होतो, म्हणून इशाऱ्याचा पट्टा रुंद ठेवावाच लागतो. 2017 च्या ओखी वादळाच्या वेळी उलटं झालं होतं : दक्षिणेतल्या कित्येक होड्या खोल समुद्रात गेल्यावर इशारा आला. त्याची किंमत घराघरांनी मोजली.

तुमची तक्रार मात्र खरी आहे. सावधगिरीचा खर्च आज मासळीच्या वाट्यावर (पगारावर नव्हे) जाणारा खलाशी सोसतो, आणि हे मला पटत नाही. इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसाचा भत्ता मिळाला, तर बावट्याकडे काणाडोळा करणारे आपसूक कमी होतील.  

तौक्ते वादळाचे इशारे सगळीकडे होते, तरी पी-305 तराफ्यावर माणसं कशी राहिली? (मुंबई)

मे 2021. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळच्या, कामगारांच्या त्या तराफ्यावर 261 जण होते, सत्तरहून अधिक गेले. अरबी समुद्रात वादळ येणार हे काही दिवस आधीपासून सांगितलं जात होतं. म्हणजे अंदाज चुकला नव्हता. पण तराफ्यावरच्या वेल्डरच्या हातात नांगर उचलायचा निर्णय नसतो. काम थांबलं की पैसे थांबतात, म्हणून वरचे लोक शेवटपर्यंत थांबून बघतात. अशा ठिकाणी इशारा म्हणजे सल्ला नव्हे, हुकूम असला पाहिजे. इशाऱ्याच्या ठरावीक पातळीनंतर माणसं बंदरात आणणं कंत्राटातच बंधनकारक करा.

मोबाइलवर संदेश येतात, तेवढे पुरेत ना? (ठाणे)

वादळाआधी पुरतात. निसर्गनंतर रायगडच्या किनाऱ्यावर वीज गेली, टॉवर आडवे झाले आणि गावांचा संपर्क तुटला. सेलवर चालणारा रेडिओ घरात ठेवा. औषधं आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पंचायतीचा भोंगा बॅटरीवर चालतो का, हे मेमध्येच विचारून घ्या.