निफाडकडे कांद्याची रोपं गादीवाफ्यावरच कोलमडतात, ट्रायकोडर्माने फरक पडेल का?

हो, पडेल. पण रोपं पडायला लागल्यावर ओतून फारसं हाती लागत नाही. ते पेरणीआधीच मातीत हवं. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे. मर आणणाऱ्या पिथियम, फ्युजॅरियमसारख्या बुरशींची जागा आणि अन्न ती आधी बळकावते, त्यांच्या तंतूंना विळखा घालून त्यांना संपवते. म्हणून तिला आधी पाय रोवू द्या.

पूर्ण कुजलेलं शेणखत सावलीत पसरा, हाताला ओल लागेल इतपत भिजवा, त्यात पावडर मिसळा आणि गोणपाटाने झाकून आठवडाभर ठेवा. मग वाफ्यात मिसळा. बियाण्याला किलोमागे 4-5 ग्रॅम चोळा. कच्चं शेण मात्र अजिबात नको, त्याने हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढते. आणि वाफ्यातून पाण्याचा निचरा होत नसेल तर कुठलाच जिवाणू की बुरशी तुम्हाला वाचवणार नाही, हे आधी बघा.

पाकिटावरची मुदत नक्की तपासा. दुकानात उन्हात पडलेलं पाकीट घेऊच नका, त्यातलं जिवंत काही उरलेलं नसतं.

आपल्याकडे द्राक्षाच्या सवयीने बोर्डो, कॉपर अशी बुरशीनाशकं सगळीकडे ओतली जातात. ट्रायकोडर्मा दिल्यावर त्याच वाफ्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली (ते पाण्यात मिसळून मुळाशी ओतलं), तर ट्रायकोडर्माचे पैसे वाया. मध्ये किमान आठ-दहा दिवस जाऊ द्या.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं, तेव्हा पुनर्लागवडीच्या वेळी स्फुरद विरघळवणारे जिवाणूही द्या.