आँतीब : विरोधातलं नव्हे, समोरचं

प्रश्न असा आलाय : फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या त्या सुट्टीच्या गावाचं नाव मराठीत 'अँटिबेस' लिहावं की 'अँटिब्स'? आणि 'अँटी' म्हणजे विरोधी, तर हे गाव कुणाच्या विरोधात?

दोन्ही नकोत. आँतीब. फ्रेंचमध्ये शेवटचा 'स' लिहायचा, म्हणायचा नाही. प्रवासाच्या व्हिडिओंत 'अँटिबेस' ऐकून कान किटलेत.

अँटी म्हटलं की विरोध, ही अँटिबायोटिकवाल्यांची खोड. मसालियाच्या, म्हणजे आजच्या मार्सेयच्या ग्रीकांनी वसवलेल्या या गावाचं मूळ नाव अँटिपोलिस. इथे अँटी म्हणजे समोर. एजियन समुद्रात पॅरोससमोर अँटिपॅरोस बेट आहे. त्यांचं भांडण नाही, मध्ये फक्त चिंचोळी सामुद्रधुनी आहे. खरी गंमत पुढेच. ऋग्वेदात 'अन्ति' आहे : जवळ, समोर. ग्रीक 'अँटी' त्याचाच भाऊ. 'पोलिस' आणि आपलं 'पूर' हेही एकाच मुळाचे. म्हणजे अँटिपोलिस हे चक्क 'अन्तिपुर'! मग 'पोलिस'चा नुसता 'ब' कसा उरला? आग्नेय फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या बोलीत आंतीबोल झालं, फ्रेंचांनी 'ल'ही गिळला. नगर, नयर, नेर करत संगमनेरला पोचलेल्यांना याचं नवल वाटू नये.

समोर, पण कशाच्या? उपसागरापलीकडे अठराएक किलोमीटरवर नीस शहर दिसतं, विषय संपला. काही विद्वान मात्र कॉर्सिका बेटाकडे बोट दाखवतात, कारण नीस आधी वसलं याचा पुरावा कुठाय? स्वच्छ हवेत कॉर्सिकाचे डोंगर दिसतात, मान्य. पण पावणेदोनशे किलोमीटरवरचं ते 'समोर'? मग नाशिकलाही मुंबईच्या समोर म्हणा.

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १८६० पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, वार नदी ही सरहद्द होती. पलीकडे सॅव्हॉय घराण्याचं नीस, अलीकडे फ्रान्सचं तटबंद आँतीब. तेवढ्यापुरता प्रश्नकर्त्याचा 'विरोधी' चालवून घेतो. सुट्टीचं गाव ते फार उशिरा झालं, तेही हिवाळ्यातलं. तिथल्या बड्या हॉटेलानं उन्हाळ्यातही दार उघडं ठेवलं ते १९२३ साली, एका अमेरिकन जोडप्याच्या आग्रहाखातर.

आणि हो, गावाजवळ १९६९ पासून उभ्या राहिलेल्या तंत्रनगरीला फ्रेंचांनीच जुनं नाव दिलंय : सोफिया आँतीपोलिस. तिथे मात्र 'स' म्हणायचा.