बाहुली, बोल्ट आणि कंदिलाची तिरीप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेवर आम्ही तीन मिनिटांचा स्टॉप-मोशन लघुपट (बाहुल्या नि वस्तू किंचित हलवत एकेक फोटो काढून जोडलेला) करतोय. मध्यरात्री खुनी येतो आणि म्हाताऱ्याच्या खोलीचं दार किंचित किंचित उघडतं, तोच शॉट बिघडतो. कितीही जपून सरकवलं तरी दार दचकत उघडतं. (कोल्हापूर)

उत्तर : अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी अंतर दर वेळी सारखं सरकवणं नुसत्या हाताने होत नाही. कधी ०.२ मिमी सरकतं, कधी ०.७, आणि पडद्यावर ते दचकणं होऊन दिसतं. हे काम स्क्रूवर सोपवा. दार कॅमेऱ्याच्या दिशेने उघडत असेल तर त्याच्या मागे, बिजागरीपासून लांबच्या कडेला टेकेल असा एम-६ (६ मिमी व्यासाचा) बोल्ट लावा. त्याचा नट लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवा आणि ठोकळा टेबलाला क्लॅम्प करा. साध्या एम-६ बोल्टच्या एका फेऱ्यात १ मिमी अंतर कापलं जातं, म्हणजे पाव फेऱ्यात ०.२५ मिमी. बोल्टच्या डोक्यावर मार्करने आठ खुणा करून ठेवा. दाराला मागच्या बाजूने बारीक रबरबँडचा ताण हवाच. तो नसला तर बिजागरीतली ढिलाई फोटोत उतरते आणि बोल्टचा उपयोग शून्य.

सेकंदाला १२ फोटो धरले तर पाव-पाव फेऱ्याने दार सेकंदात ३ मिमी उघडतं. मात्र सगळा शॉट एका चालीने नेऊ नका, ती यंत्राची चाल वाटते. पहिले चार-सहा फोटो अष्टमांश फेऱ्याने, मग पाव फेऱ्याने, मध्येच दहा फोटो पूर्ण थांबा. खुनी कान देऊन ऐकतोय, हे त्या थांबण्यातून कळतं. थांबलेल्या जागी एकच फोटो दहादा चिकटवू नका, दहा फोटो खरोखर काढा. नाहीतर प्रतिमेतला ग्रेन (फोटोतला बारीक रवाळपणा) गोठतो आणि फिल्म अडकल्यासारखी दिसते.

प्रश्न : कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर आहे, ऑटो काहीही नाही. तरी फोटोगणिक उजेड कमी-जास्त होतो. अंधाऱ्या खोलीत कंदिलाचा एकच किरण त्या फिक्कट निळ्या डोळ्यावर पडतो, तिथे तर फारच. (नाशिक)

उत्तर : पहिला संशय लेन्सवर घ्या. डीएसएलआरची लेन्स दर फोटोला उजेड आत येण्याचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर मिटवते आणि पुन्हा उघडते, पण प्रत्येक वेळी अगदी तेवढंच मिटत नाही. अंधाऱ्या दृश्यात हा फरक जास्त डोळ्यांत भरतो. उत्तम उपाय म्हणजे अ‍ॅपर्चरची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॅप्टरने लावणं. कॅननच्या डीएसएलआरवर दुसरीही युक्ती आहे : हवं ते अ‍ॅपर्चर ठरवा, डेप्थ-ऑफ-फील्ड प्रिव्ह्यूचं (छिद्र ठरलेल्या मापावर आणून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि लेन्स मोकळी करून काही मिलिमीटर फिरवा. विजेचा संपर्क तुटतो आणि अ‍ॅपर्चर तिथेच राहतं. लेन्स आता लॉक नाही, तेव्हा खाली आधार द्या.

मग दिवे. बॅटरीचा टॉर्च तासाभरात मंदावतो, साधा पिवळा बल्ब व्होल्टेजबरोबर वर-खाली होतो. चांगल्या ड्रायव्हरचा (वीज स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) एलईडी घ्या आणि शटर १/५ सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा. आपल्या ५० हर्ट्झ विजेची लुकलुक त्यात विरून जाते. किरणासाठी काळ्या पुठ्ठ्याची नळी करून तोंडाशी २ मिमीची फट ठेवा. राहता राहिला तुमचा शर्ट! पांढऱ्या बाहीचा उजेड सेटवर पडतो. काळे कपडे घाला, फोटो रिमोटने आणि दर वेळी एकाच जागी उभे राहून काढा. बाहीची सावली कुठलंही डीफ्लिकर (लुकलुक काढणारं) सॉफ्टवेअर नीट पुसत नाही.

प्रश्न : आमच्या बाहुल्यांचे चेहरे हलत नाहीत. शेवटी जमिनीच्या फळ्यांखाली पुरलेल्या म्हाताऱ्याचं काळीज धडधडतं, तिथे भीती कशी दाखवायची?

उत्तर : चेहऱ्याला हातच लावू नका. यान श्वान्कमायर या चेक दिग्दर्शकाने पोच्याच अशर घराण्याच्या कथेवर १९८० मध्ये लघुपट केला, त्यात पडद्यावर माणूसच नाही; निवेदकाचा आवाज आणि आपोआप हलणाऱ्या वस्तू, बस्स.

तुमच्याकडे लाकडी फळ्या आहेत, त्या हलवा. मिनिटाला ६० ठोके म्हणजे एका ठोक्याला १२ फोटो. पहिल्या दोन फोटोंत फळी वर, तिसऱ्यात खाली, चौथ्यात निम्मी वर, पाचव्यात खाली, उरलेले सात स्थिर. उंची डोळ्याने मोजू नका. १ मिमी आणि अर्धा मिमी जाडीच्या पुठ्ठ्याच्या चकत्या फळीखाली सरकवा, दर ठोका सारखा येईल. धडधड वाढवताना फक्त स्थिर फोटो कमी करत न्या. १२० ठोक्यांना सहाच फोटो उरतात, त्यात स्थिर एकच. त्यापुढे जायचं तर सेकंदाला २४ फोटो काढावे लागतील. आमच्या मते जाऊ नये. तिथून पुढची धडधड आवाजावर सोडावी.

प्रश्न : पुढचा लघुपट मराठी भयकथेवर करायचा आहे. परवानगी लागते का?

उत्तर : लागते. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. नारायण धारप २००८ मध्ये गेले, रत्नाकर मतकरी २०२० मध्ये. दोघांच्याही कथांसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी हवी, लघुपट फुकट दाखवणार असलात तरी. पो १८४९ मध्ये वारला, त्याचं मूळ इंग्रजी सर्वांना मोकळं आहे. मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, त्यामुळे निवेदन मूळ कथेवरून स्वतःच लिहा.