व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण स्वतः लिहायला बसलं की काहीच सुचत नाही. प्रोग्रामिंग कसं शिकावं? आधी सी की पायथॉन?

तुम्ही लिहिलंय की बीकॉम झालंय, वय 27, आणि मित्र म्हणतो गणित कच्चं असेल तर या वाटेला जाऊ नकोस. मित्राला म्हणावं, स्वतःचं बघ.

आमच्या कॉलेजात (नाव नको, मध्य रेल्वेवरचं आहे एवढं पुरे) बीएस्सी आयटीला सी शिकवायचे ते टर्बो सीवर. 1987 साली आलेलं सॉफ्टवेअर. त्यात इंट (पूर्णांक ठेवायचा डबा) 16 बिटचा, म्हणजे 32767 च्या पुढे गाडी जायची नाही. 40000 ठेवले की -25536 दिसायचे. का, असं विचारलं तर सर म्हणायचे, "परीक्षेत छोटे आकडे घ्या." जर्नलमधले सगळे प्रोग्राम पाठ करायचे, ही त्यांची शिकवण. मी केले, सेमीकोलनसकट.

प्रॅक्टिकलला स्लिप आली: दिलेल्या आकड्यांतला दुसरा सर्वात मोठा आकडा शोधा. खडाखडा उतरवला. 45, 12, 7, 30 टाकले, 30 आले. मी खूश. एक्सटर्नल मॅडमनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि -5, -2, -9 टाकले. उत्तर 0.

"शून्य कुठून आलं? मी तर टाकलंच नाही."

मला सांगता येईना. जर्नलात मॅक्स (सर्वात मोठा) आणि सेकंड (दुसरा मोठा) दोन्हींची सुरुवात 0 ने होती. सगळे आकडे त्याच्या खालचे, मग शून्याला जागेवरून उठवणार कोण? हे आज सांगतेय, तेव्हा नुसती पंख्याकडे बघत बसले होते. नंतर सरांना दाखवलं तर म्हणाले, "त्यांनी मायनस टाकायलाच नको होतं. आणि तुझं लॉजिक मुळातच कच्चं आहे."

त्याच रविवारी आईबरोबर सिटीलाइटच्या बाजारात गेले होते. आईने दोन मोठी पापलेटं मागितली. कोळीणमावशीने पाटीतली पहिली दोन काढून फळीवर ठेवली, मोठं उजवीकडे, लहान डावीकडे. मग एकेक उचलत गेली. उजव्यापेक्षा मोठं निघालं की उजवं सरकून डावीकडे, आणि डावं परत पाटीत. मधल्या मापाचं निघालं तर फक्त डावं बदललं. एका फेरीत काम खलास, अख्खी पाटी मापाने लावत बसली नाही. आणि सुरुवातीला फळीवर शून्य मापाचं पापलेट नव्हतं! पहिली दोन खरीच होती. घरी येऊन मी तेच लिहिलं, आणि पहिल्यांदा प्रोग्राम माझा वाटला.

मग 45, 45, 12 टाकून बघितले. दुसरा मोठा 45 की 12? मावशीचं गिऱ्हाईक दोन्ही सारखी घेऊन जाईल, पण वर्गातले दुसऱ्या क्रमांकाचे मार्क हवे असतील तर 12. स्लिपमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. कोरी स्क्रीन समोर असताना सुचत नाही ना, त्यातलं निम्मं हेच असतं: नेमकं काय हवंय तेच ठरलेलं नसतं.

तुम्ही बीकॉमवाले. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की फरकाला 9 ने भाग जातो का बघता ना, कुठेतरी 54 चे 45 झाले असतील म्हणून? तेच डीबगिंग, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधणं. आणखी कुठलं गणित मित्राला हवंय?

व्हिडिओ महिनाभर बंद. भिशीचा हिशोब घ्या, सोसायटीचा मेंटेनन्स घ्या. वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा (आकडा ठेवायच्या नावाचा) एक रकाना आखून हाताने ड्राय रन करा, म्हणजे एकेक ओळ स्वतः चालवून आकडे लिहीत जा. रन दाबायच्या आधी उत्तर काय येईल ते लिहून ठेवा. नाही जुळलं तर ओळीओळीने मागे जा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही.

भाषा पायथॉन घ्या. हां, अभ्यासक्रमातच सी असेल तर सी करा, फक्त नवा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर) घ्या. मशीन लर्निंगकडे जायचं असेल तर गणित लागेल, तिथे मित्राचं थोडं बरोबर आहे. आणि लूप (तेच काम परत परत करवणाऱ्या ओळी) कसा लिहायचा एवढं पाठ करावंच लागतं, मीही केलं.

माझं जर्नल अजून माळ्यावर आहे. त्या प्रोग्रामखाली लाल पेनने 'चेक्ड' लिहिलंय, सही सरांचीच.