एक्स्चेंजवरच्या विजेच्या भावाचं मॉडेल बनवलंय, एरर कमी आहे. याने भारनियमन टाळता येईल का?

तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टसाठी एक्स्चेंजच्या साइटवरून तीन वर्षांचे डे अहेडचे (उद्याच्या विजेचे आज ठरणारे) भाव उतरवून घेतलेत, मॉडेलचा सरासरी एरर छान कमी येतोय आणि आता गाईड विचारतायत की याचा गावातल्या वीजपुरवठ्याला उपयोग काय. मी पुण्यात लोड फोरकास्टिंगचंच (विजेच्या मागणीचा अंदाज बांधायचं) काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपयोग आहे, नक्की आहे. पण त्याआधी फाइलमधला आकडा नेमकं काय मोजतोय ते बघा, कारण मी याच ठिकाणी दीड-दोन महिने घालवलेत.

एका ग्रामीण सबस्टेशनचं लोड आम्ही फोरकास्ट करत होतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी 7 ते 9 ची मागणी मॉडेल कायम कमी दाखवायचं, तापमान घातलं, आर्द्रता घातली, बाजारचा दिवस घातला, काही फरक नाही. शेवटी मी तिथे गेलो. ऑपरेटरने लॉगशीट उघडून दाखवली, दर तासाचे अँपिअर पेनाने लिहिलेले, आणि तीन फीडरच्या (सबस्टेशनमधून गावांकडे जाणाऱ्या लाइनच्या) रकान्यात नेमकं त्याच वेळी शून्य, शेजारी शेरा: "भारनियमन". आमच्या एक्सेलमध्ये शून्य आलं होतं, शेरा कोणी टाइपच केला नव्हता. म्हणजे उकाड्यात लोक अंगणात बसून लाइट कधी येते याची वाट बघत होते आणि मॉडेल शिकलं होतं की या वेळी इथे कुणाला वीज लागतच नाही. आता या आकड्यावर उद्याची खरेदी ठरली तर वीज कमी घेतली जाणार आणि उद्या परत तेच फीडर बंद होणार. रेकॉर्डमध्ये असतो तो दिलेला पुरवठा, मागणी नव्हे, हे मला त्या दिवशी खरं कळलं.

तुमच्या विजेच्या दरांच्या फाइलमध्येही अगदी हेच झालेलं असणार. दिवसाचे 15 मिनिटांचे 96 ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकला खरेदीच्या आणि विक्रीच्या बोली जिथे जुळतात तो भाव. मार्च 2022 मध्ये भाव युनिटला 20 रुपयांपर्यंत गेला होता, मग केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिल 2022 मध्ये 12 रुपयांची आणि एप्रिल 2023 मध्ये 10 रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्यामुळे सूर्य मावळल्यावरचे कितीतरी ब्लॉक बरोब्बर 10 वर अडकलेले दिसतील. तिथे मॉडेलला काही कष्टच नाहीत, 10 सांगितलं की एरर शून्य, तुमचा सरासरी एरर छान दिसण्यात याचा मोठा वाटा असू शकतो. पण त्या ब्लॉकला 10 रुपये द्यायला तयार असलेल्या सगळ्यांना वीज मिळालेली नसते! खरेदीची बोली किती मेगावॅटची होती, विक्रीची किती आणि प्रत्यक्ष सौदा कितीचा झाला, हे तिन्ही आकडे त्याच साइटवर ब्लॉकनिहाय मिळतात, ते घ्या. खरेदीची बोली आणि सौदा यांच्यात जी दरी आहे ना, गाईडच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, कारण ज्या डिस्कॉमला (वीज वितरण कंपनीला) ती वीज मिळाली नाही तिच्याकडे मग रिअल टाइम मार्केट उरतं (1 जून 2020 पासून सुरू, दर अर्ध्या तासाला लिलाव), तिथेही नाही मिळाली तर ग्रिडमधून आधी ठरलेल्या शेड्युलपेक्षा जास्त वीज ओढून दंड भरायचा नाहीतर फीडर बंद करायचा.

सरासरी एररवर अजून एक. केंद्रीय विद्युत प्राधिकरण नियोजनात वीज कमी पडण्याची शक्यता 0.2 टक्के इतकी धरतं, म्हणजे वर्षाच्या 8760 तासांपैकी साडेसतरा तास. मॉडेलची खरी परीक्षा त्या साडेसतरा तासांत आहे, बाकी वर्षभर गेल्या आठवड्याचा तोच वार तोच ब्लॉक उचलून ठेवला तरी बरंच जमून जातं. (तुलनेसाठी हा बेसलाइन रिपोर्टमध्ये टाकाच.)

आणि कधी कधी इतिहासच नसतो. 5 एप्रिल 2020, रात्री 9 ला 9 मिनिटं घरातले दिवे बंद करायचं आवाहन होतं. मागणी 12-13 हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात 31 हजार मेगावॅटच्या वर घटली. ग्रिड सांभाळली ती माणसांनी आधी करून ठेवलेल्या तयारीने, जलविद्युत केंद्रं ठरवून चालू ठेवली होती आणि मिनिटांत 17 हजार मेगावॅटहून जास्त खाली आणली. अंदाज अडीच पट चुकला तरी दिवे गेले नाहीत कारण राखीव क्षमता ठेवलेली होती. म्हणून म्हणतो, एकच आकडा देऊ नका, क्वांटाइल द्या, 100 पैकी 95 वेळा मागणी याच्या खाली राहील असा आकडा, त्यावरून किती राखीव ठेवायचं ते ठरवता येतं.

बारीक पण महत्त्वाचं: दिवाळी, गणपती तिथीने येतात, इंग्रजी तारखेचा कॉलम घालून लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मॉडेलला कधीच कळणार नाही, वेगळा कॉलम करा. आणि महाराष्ट्रातलं लोड घेणार असाल तर शेतीपंपांचे फीडर सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा जातायत, तीन वर्षांपूर्वीची रात्र आणि आजची रात्र एक नाही, जुन्या डेटाला वजन कमी द्या.

या आठवड्यात एवढंच करा, 10 रुपयांवर अडकलेले ब्लॉक बाजूला काढून उरलेल्यांवर एरर पुन्हा मोजा, आणि बाजूला काढलेल्यांसाठी भावाऐवजी किती मेगावॅट कमी पडले ते फोरकास्ट करून बघा. एरर वाढेल, वाढू दे, तोच आकडा गाईडना दाखवा.